शांत होण्यासाठी घेतलेला माग

जेलरोड, नाशिकरोड
रविवार

आदरणीय दाजी,

जयरामचा तुम्हाला आणि अक्काला सविनय जयभीम. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं; प्रत्यक्षात कसे आहोत ते खाली वाचालच. दाजी, तुमच्या गुडघ्याला तो लेप लागू पडला का? अक्का जिना उतरताना कठड्याला धरते का, की अजून दोन्ही हातांत बादल्या घेऊनच उतरते? तिला म्हणावं, लग्नघर आहे, निदान मनालीचं लग्न होईपर्यंत तरी पडू नको. लग्नाची पत्रिका पोचली. कागद चांगला आहे, छपाई स्वच्छ आहे, आणि मामा म्हणून माझं नाव सगळ्यात वर आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. फक्त नावाखाली कंसात 'निवृत्त, औष्णिक वीज केंद्र, एकलहरे' असं जे छापलंय, त्यातला 'निवृत्त' माझ्या आडनावापेक्षा ठळक आलाय. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. लक्षात आलं, एवढंच कळवतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही अक्काला विचाराल. फोनवर तुम्ही हसता, म्हणून. मागच्या वेळी मी मागावरचे धागे कसे तुटले ते पोटतिडकीने सांगत होतो आणि पलीकडून तुमच्या खोकल्याचा आवाज येत होता. तो खोकला नव्हता हे न कळण्याइतके माझे कान गेलेले नाहीत (टर्बाइनमुळे गेले तेवढे गेले, बाकीचे शाबूत आहेत). पत्र वाचताना काय हसायचं ते हसून घ्या, मला ऐकू येणार नाही. पण शेवटपर्यंत वाचा. हे सगळं तुमच्यामुळे सुरू झालेलं आहे आणि निस्तरायचंही तुम्हालाच आहे.

आठवा जरा. निवृत्तीनंतर माझं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, रागावत जाऊ नका. आता, रागावू नका असं कोणी सांगितलं की मला पहिला राग त्याच माणसाचा येतो, हे अक्काला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यात तुमचा फोन. "जयराम, हाताला काहीतरी शांत काम लाव. मी बघ, गुलाब लावले. संध्याकाळी पाणी घालतो, कळ्या बघतो, गाढ झोप लागते." दाजी, तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारच्या वर्गाला इतिहास शिकवलात. तुमच्या आवाजाने अख्खी गावं झोपली, तिथे तुमचं तुम्हाला काय अवघड? माझी नोकरी गेली बॉयलरच्या आवाजात. एकलहऱ्याला शांतता झाली की आम्ही धावत सुटायचो, कारण शांतता म्हणजे युनिट ट्रिप झालं, अख्खा संच बंद पडला. कॉलनीत झोपलेला माणूससुद्धा आवाज बंद झाला की जागा व्हायचा. अशा माणसाला तुम्ही शांत काम सुचवलंत, आणि मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी ते मनावर घेतलं. चूक माझी नाही, संस्कारांची आहे.

काम कोणतं, हे लंकाने शोधलं. (तुम्ही तिला लंकाबाई म्हणता, त्यामुळे तिचा आवाज इकडे चढतो, हेही एकदा सांगायचं होतं.) तिला फोनमध्ये जाहिरात दिसली, 'विणकामातून विश्रांती'. गंगापूर रोडला एका बंगल्यात वर्ग. शिकवणारी तेजस्विनी नावाची मुलगी, वय आपल्या मनालीएवढं, आवाज इतका हळू की मला अर्धं ओठांवरून वाचावं लागे. खोलीत उदबत्त्या, कोपऱ्यात वाहत्या पाण्याची ध्वनिमुद्रिका, आणि ती ऐकून मला सारखं उठून बाहेर जावं लागे. माझ्याखेरीज सगळ्या बायका. प्रत्येकाला पाटीएवढी लाकडी चौकट दिली, तिच्यावर उभे धागे ताणलेले, म्हणजे ताणा. त्यातून आडवा धागा खालीवर घालायचा, म्हणजे बाणा. इथपर्यंत ठीक. मग ती म्हणाली, "काका, चूक झाली तर उसवायची नाही. चुकीचं स्वागत करायचं." दाजी, मी कंट्रोल रूममध्ये चुकांचं स्वागत करत बसलो असतो तर तुम्ही नामपुरात मेणबत्तीवर पेपर तपासले असते. मी तसं तिला स्पष्ट सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, खोल श्वास घ्या. मी श्वास घेतला, उदबत्ती नाकात गेली, आणि पुढचा वर्ग माझ्या शिंका मोजण्यात गेला. तिथे मी पेल्याखाली ठेवायचं एक चौकोनी कापड विणलं. ते इतकं घट्ट झालं की टेबलावर उभं केलं तर उभं राहायचं. तेजस्विनीने ते दोन बोटांत धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्यात खूप ताण आहे, काका." लंका सध्या त्याने तवा घासते. तारेच्या घासणीपेक्षा बरं आहे म्हणते.

इथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मग मनालीचा साखरपुडा आला. मांडवात तुम्ही मला कुठे बसवलंत ते आठवा. नवऱ्या मुलाकडच्या लोकांत, सुयशच्या आजीशेजारी. त्या बायडाबाई चांगल्या आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही (आहे, पण लग्न होईपर्यंत नाही). त्यांनी मला विचारलं, "पावना, तुम्ही काय करतस?" मी म्हणालो, एकलहऱ्याला वीज केंद्रात होतो. त्यांना ऐकू जरा कमी येतं, पण 'होतो' तेवढं नेमकं ऐकू आलं. "व्हतात. मंग आते बठ्ठा दिन घरमाच शेतस का?" हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या, दिवसभर घरातच असलेला माणूस दिसतो तरी कसा म्हणून. दाजी, अख्खा जिल्हा उजेडात बसावा म्हणून मी दिवाळ्या पाळीत काढल्या, आणि आता बठ्ठा दिन घरमा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून निघून गेलं, "विणतो. हातमागावर. मनालीचा लग्नातला पांढरा शेला मीच विणतोय." तोवर माझ्या नावावर तवा घासायचं एक कापड होतं. पण मनालीने ते ऐकलं. स्टेजवरून धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "खरंच, मामा? तुमच्या हातचा?" तिचे डोळे भरले होते. तेव्हाही सावरता आलं असतं. पण तुमच्या हातात माईक होता. तुमच्या हातात माईक असला की कुठल्याही माणसाला काही सावरता येत नाही. तुम्ही जाहीर केलंत, टाळ्या पडल्या, आणि मी कायमचा अडकलो.

मग माग आणायला मी येवल्याकडे गेलो. तिथे एका घरात जुना माग विकायचा होता. बघायला गेलो तर तो जमिनीत. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो, खड्ड्यात पाय हलवायच्या पट्ट्या असतात. फार सुंदर व्यवस्था आहे, पण मी राहतो दुसऱ्या मजल्यावर आणि आमच्या हॉलखाली दिनेशचं स्वयंपाकघर आहे. मी खड्डा केला असता तर माझे पाय त्याच्या फोडणीत गेले असते. (घरी आल्यावर फरशीवर टाचेने ठोकून बघितलं, हे खरं आहे. पण लंका सांगते तसं मोजमाप घेतलं नाही.) शेवटी उभ्या चौकटीचा माग मिळाला. तो दारातून आत येईना. दोर लावून गॅलरीतून वर घेतला, तेव्हा सोसायटीतले सगळे खाली जमले होते आणि प्रत्येकाला काहीतरी सुचत होतं. दिवाण स्वयंपाकघरात गेला. टीव्ही हलवायला जागाच उरली नाही, म्हणून तो मागाच्या पलीकडे राहिला. आता लंका खुर्ची टाकून मागाच्या अलीकडे बसते आणि ताण्याच्या धाग्यांमधून मालिका बघते. तिला सासू, सून, पोलीस, सगळी माणसं उभ्या रेघांची दिसतात. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं, "आवं, ह्या सिरियलीत सगळ्यांनी एकाच कापडाचं काय शिवलंय?"

आता विणकामाकडे येतो. मशीन कोणतंही असो, ढिलं सोडायचं नाही, हे मी हाडात मुरवलेलं आहे. ढिला नट म्हणजे कंप, कंप म्हणजे बिघाड, ढिला व्हॉल्व्ह म्हणजे गळती. माग आल्याआल्या मी त्याचा प्रत्येक सांधा पान्याने आवळला. पाय हलू नयेत म्हणून फरशीत बोल्ट मारले (त्याबद्दल दिनेशचं वेगळं म्हणणं आहे, ते पुढे). मग ताणा चढवला आणि असा ताणला की बोटाने छेडला तर सूर निघायचा. पहिल्यांदा धोटा फेकला, म्हणजे ज्यात बाण्याचं सूत भरलेलं असतं तो होडीसारखा लाकडी ठोकळा, आणि बाणा दाबून बसवायची फणी ठोकली, तेव्हा तडातड धागे तुटले. जोडले, पुन्हा तुटले. मी तेजस्विनीला फोन केला. ती म्हणाली, "काका, थोडं सैल सोडा ना." सैल! माझ्या सगळ्या पाळ्यांत मला कोणी सैल सोडा म्हणालं नव्हतं. असं म्हणणाऱ्याची आमच्याकडे चौकशी लागली असती. मी ताणा नाइलाजाने जरासा उतरवला, पण बाणा माझ्या हातात होता, तो मी सोडला नाही. प्रत्येक फेरीला काठाशी गच्च ओढून घेत होतो, म्हणजे कुठे भोक नको, झोळ नको.

त्यात घरातली शिस्त. एकलहऱ्याला दुरुस्ती चालू असलेल्या मशीनवर लाल पाटी लटकवतात, 'काम चालू आहे, हात लावू नये'. त्या पाटीला साहेबसुद्धा मान देतात. मी तशी पाटी करून मागाला बांधली. दुसऱ्या दिवशी बाजारातून आलो तर वरच्या आडव्या दांड्यावर लंकाचा परकर वाळत घातलेला, आणि तो नेमका पाटीवरून सोडलेला, म्हणजे पाटी दिसणारच नाही. मी विचारलं, ही काय पद्धत? ती निफाडकडची, तिथल्या माणसांना वाद घालायला कारण लागत नाही. "दोरी होती तिथं तुमी हे लाकूड आणून घातलं. मंग कपडे काय डोक्यावर वाळवू? आन् ते काय एवढं मोठं बॉयलर हाय का?" त्यानंतर एक दिवस मेथीची जुडी, एक दिवस पिशवीतली मटकी. मोड येतात म्हणे तिथे चांगले, पंख्याचा वारा लागत नाही. बीपी कमी करायला आणलेल्या मशीनवर मटकीला मोड आले, दाजी, आणि माझं बीपी आधीपेक्षा वर गेलं. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, छंद चालू ठेवा.

दिनेशचं सांगायचं राहिलं. बोल्ट मारले त्या दिवशी त्याच्या छताचं प्लास्टर थोडं वरणात पडलं. थोडंच. तो वर आला, लाल झालेला. मी त्याला शांतपणे सांगितलं की हा शांत होण्याचा छंद आहे. तो म्हणाला, "पगारेकाका, तुमच्या शांततेने आमच्या मांडणीतली भांडी नाचतात. बाळ झोपत नाही." त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, मग बैठक झाली, चहा झाला, ठराव झाला की जेवणानंतरच्या दुपारीच विणावं. मी ठराव पाळला. मनात नव्हता, तरी पाळला, कारण नियम म्हणजे नियम. पुढच्या महिन्यात धागे जोडण्यात दोन दिवस माग बंद होता, तर हाच दिनेश पुन्हा वर. काय झालं? तर बाळाला आता त्या खटखटीशिवाय झोपच लागत नाही. "काका, विणत का नाही तुम्ही? आम्ही दोन दुपारी जागे आहोत." म्हणजे विणलं तरी तक्रार, थांबलं तरी तक्रार. एकलहऱ्याला निदान ग्राहक वीज असल्याची तक्रार करत नव्हता.

आणि एवढं सगळं सोसून शेला कसा झाला? हे लिहिताना माझा हात थांबतो. सुरुवातीला दोन वीत रुंद होता, छान भरलेला. पण मी काठाशी ओढत गेलो तसा तो आत येत गेला. रोज बघत होतो म्हणून मला कळलं नाही. एके दिवशी गुंडाळलेलं कापड उलगडून बघितलं तर वरून शेला, मध्ये मफलर आणि पुढे टाय. तेजस्विनी बघायला आली होती, ती म्हणाली, "काका, किती खरं आहे हे! हा तुमचा प्रवास आहे." मी तिला म्हणालो, मुली, हा माझ्या भाचीचा शेला आहे, माझा प्रवास तिने अंगावर कशाला घ्यायचा? तिला वाईट वाटलं. मला त्याहून वाईट वाटलं. मनाली नाशिकला दवाखान्यात नर्स, दर सुट्टीला येते, आणि ती आली की मी मागावर चादर टाकून बसतो. "बघू दे ना, मामा." नाही, लग्नातच बघायचा. पोर हसते आणि चादरीला हात लावत नाही. पांढरी साडी नेसून ती उभी राहणार, तिच्या खांद्यावर मामाच्या हातचं काय, तर नाडी! आणि पहिल्या रांगेत बायडाबाई. मला हे सहन होणार नाही.

म्हणून मी निर्णय घेतला आहे. बाजारातून एक तयार पांढरा शेला आणलाय. चांगला आहे, यंत्रावरचा, काठ सरळ. तो या पत्राबरोबर पार्सलने पाठवतोय. तुम्ही सगळ्यांना हा जयरामने विणला म्हणून सांगा, अक्कालाही खरं सांगू नका, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. माझा जो होता तो पूर्ण केला, पण फक्त उरकायचा म्हणून. लंका म्हणाली सूत वाया नाय घालवायचं, आणि पाळी अर्धी टाकून जायची मला सवय नाही. कोणाला द्यायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, तेव्हा कसाही का होईना, असं म्हणून बसत होतो. लंका शेजारी खुर्ची टाकून मालिका बघायची, मी खटखट करायचो आणि धाग्यांमधून मलाही तीच दिसायची. त्या मालिकेइतकं मूर्ख काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ती धाकटी सून चोरलेल्या किल्ल्या तुळशीत पुरते आणि रोज त्याच तुळशीला पाणी घालताना कोणालाच दिसत नाही? मी लंकाला दहादा सांगितलं की घरातल्या एकानेही डोकं वापरलेलं नाही. ती म्हणते, "गप बसा, आज सापडतील." सापडल्या नाहीत. असो. शेवटचे धागे संपले, कापड कापून काढलं, घडी करून कपाटाच्या खालच्या खणात टाकलं. माग विकायचाय. नामपुरात किंवा सटाण्याकडे कोणी घेणारा असेल तर बघा. बोल्ट मी काढून देईन. विणकामाचं नाव या घरात पुन्हा निघणार नाही.

मनालीला आणि सुयशला आशीर्वाद. अक्काला म्हणावं, बादल्या एकेक करून ने.

तुमचा,
जयराम

ता. क. लंकाने पत्र वाचलं (माझ्या हातून ओढून). तिचं म्हणणं, ती पार्सल पोस्टात नेणार नाही आणि मलाही नेऊ देणार नाही. "पोरीला फसवून लगीन लावायचं का?" मी म्हणालो, फसवणूक नाही, व्यवस्था आहे. तिने तयार शेल्याची घडी उलटी केली आणि कंपनीचा शिक्का दाखवला. तो धुऊन जाईल की नाही हे बघण्यात रविवार गेला. जात नाही.

ता. क. दुसरा. आज सोमवार. मनाली आली होती. लंकाने (हिच्याही पोटात काही राहत नाही) कपाट उघडून तिच्यासमोर दोन्ही शेले ठेवले. तयार शेल्याकडे पोरीने बघितलंही नाही. माझा उचलला, जमिनीवर लांब पसरला, आणि गुडघ्यांवर बसून एका टोकापासून हात फिरवत निघाली. म्हणाली, "मामा, इथे काय झालं होतं?" मी म्हणालो, तिथे धागे तुटत होते. "आणि इथे?" तिथे दिनेश वर आला होता. "इथे?" तिथे लाल पाटीवर परकर. एकदम अरुंद होतं तिथे ती थांबली, "इथे तर तुम्ही फारच चिडला होतात." मी म्हणालो, तिथे तुझी आजेसासू आठवली होती. ती पोट धरून हसली. आणि मग तिने शेवटचा भाग उलगडला. दाजी, तो मी कापला तेव्हा बघितलाच नव्हता, घडी करून टाकला होता. तो हळूहळू रुंद होत गेलाय. शेवटची हातभर पट्टी सुरुवातीइतकी भरलेली, काठ सरळ. मनाली म्हणाली, "आणि इथे, मामा?" मला काही आठवेना. लंका म्हणाली, "तिथं कुटं काय झालं? तिथं आमी दोघं सिरियल बघत होतो." मनालीने ते टोक खांद्यावर घेतलं, बाकीचं गुंडाळून हातावर घेतलं आणि म्हणाली, हाच घेणार. मी खूप चिडलो. मी म्हणालो, हे वाकडं आहे, लोक हसतील, मामाची लाज जाईल. ती शेला घेऊन गेली. मी जिन्यापर्यंत मागे गेलो, पण ती अक्कासारखी भराभर उतरते.

ता. क. तिसरा. जाण्याआधी तिने माझं बीपी बघितलं. नॉर्मल निघालं, म्हणजे सर्वसाधारण माणसाचं असतं तसं. मी पुन्हा बघायला लावलं. तेच. आमच्याकडे एखादा काटा अचानक सगळं ठीक दाखवायला लागला की आधी काटाच बदलायचे. तिच्या दवाखान्याने असली मशीनं नर्सांच्या हातात देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळी चालू आहे.

ता. क. चौथा. माग विकण्याचं कोणाशी बोलला असाल तर तूर्त थांबवा. दिनेशचं बाळ झोपत नाही, शेजारधर्म म्हणून ठेवावा लागतोय. शिवाय किल्ल्या अजून सापडलेल्या नाहीत.

ता. क. शेवटचा, आणि हा एकट्याने वाचा. वरचं सगळं गुप्त ठेवा म्हणालो होतो, ते रद्द. लग्नात माईक तुमच्याच हातात असणार, तो कोणी घेऊ शकत नाही. शेला मामाने विणला म्हणून सांगाल तेव्हा पत्रिकेत बघून वाचू नका. त्यातलं 'निवृत्त' गाळा. बायडाबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश आणि मोठ्याने एवढंच सांगा: मुलीचे मामा जयराम पगारे, विणतात.